आठ नंबरचा पाय

सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी बूटवाल्या बाई आपल्या व्याह्यांच्या डाव्या अंगठ्याला सोल्युशन लावत होत्या. अंगठा लाकडाचा होता. मापाचे बूट शिवणाऱ्या दुकानात प्रत्येक नेहमीच्या गिऱ्हाइकाच्या पायांची लाकडी जोडी करून ठेवतात. तिला फर्मा म्हणतात आणि चामडं त्याच्यावर ताणून बूट शिवतात. खरा पाय गिऱ्हाईक घरी घेऊन जातं, लाकडी पाय दुकानात राहतो. बाईंच्या भिंतीवर असे दोनशे बारा फर्मे खुंट्यांना टांगलेले होते. त्यातल्या एकोणीस जणांना आता बुटांची गरज उरली नव्हती, पण त्यांचेही फर्मे बाईंनी उतरवले नव्हते. खुंट्या रिकाम्या दिसल्या की धंदा बसल्यासारखा वाटतो.

व्याही आज माप द्यायला येणार होते आणि त्यांच्या फर्म्याला अंदाजाने आधीच पाचवा तुकडा चिकटत होता. गिऱ्हाइकाचा पाय पसरला की फर्म्याला तेवढ्या जागी चामड्याचा तुकडा लावायचा आणि कानशीने घासून गुळगुळीत करायचा, ही जुनी रीत. त्याहून जुनी रीत म्हणजे गिऱ्हाइकाला त्याचा पत्ता लागू द्यायचा नाही. बाईंच्या वडिलांनी दुकान लेकीच्या हवाली करताना एवढंच सांगितलं होतं: "गिऱ्हाइकाचा पाय कधी वाढत नाही. बूट मोठा कर आणि आत जुनाच नंबर ठोक." माणूस केस गेल्याचं मान्य करतो, दात गेल्याचंही करतो, पण लग्नातला बुटाचा नंबर सोडत नाही. बायकांचं वेगळंच. गरोदरपणात सांधे सैल करणारा रस अंगात सुटतो, पाय अर्ध्या नंबरने पसरतो आणि बऱ्याच जणींचा परत आटत नाही. त्यांनाही जुनाच नंबर हवा असतो. बाई तोही ठोकून देत.

वडिलांनी आणखी एक सवय लावली होती. तुकडा चिकटवण्याआधी त्याच्या पोटावर शिसपेन्सिलीने तारीख आणि जाडी लिहायची. खोटं बोलावं, पण टिपून ठेवावं, असं त्यांचं धोरण होतं.

बाईंनी तुकडा दाबून धरला आणि खिडकी उघडली. बाकावर वरचं चामडं शिवत बसलेल्या काकांनी उठून ती बंद केली. काका सत्तरीचे होते. त्यांचा एक कान गेला होता आणि दुसरा निवडक ऐकायचा.

"उकडतंय मला," बाई म्हणाल्या.

"मला गारठा लागतो."

"काका, माझ्या अंगात भट्टी पेटली आहे."

"मग खिडकी कशाला उघडता? भट्टीला वारा लागला की जास्त पेटते."

बाई एक्कावन्न वर्षांच्या होत्या. गेलं वर्षभर दिवसातून सहा-सात वेळा त्यांचं अंग छातीपासून कानापर्यंत तापायचं आणि दहा मिनिटांत घामाने भिजून गार पडायचं. यावर त्या ग्रंथींच्या डॉक्टरांकडे जाऊन आल्या होत्या. डॉक्टर मध्यमवयीन, तोंडाने फटकळ आणि बाईंच्याच गिऱ्हाईक. "अंडाशयं निवृत्त होताहेत," डॉक्टरांनी सांगितलं होतं. "पण मेंदूच्या बुडाशी एक मटाराएवढी ग्रंथी बसलेली असते, तिला हे पटत नाही. रोज चिठ्ठी पाठवते, काम करा. उत्तर आलं नाही की आणखी मोठ्या अक्षरात पाठवते. खालून उत्तर देणारं हार्मोन आटलं, म्हणून उष्णता सांभाळणारा मेंदूचा कोपराही बिथरतो."

"एवढ्या मोठ्या देहाचा कारभार मटारावर?"

"मोठ्या कचेरीचा कोण बघतं? कोपऱ्यातला कारकूनच ना? गळ्यातलं थायरॉइड, मूत्रपिंडांच्या डोक्यावरच्या ग्रंथी, पोराबाळांचं खातं, सगळ्यांना त्याच्याच चिठ्ठ्या. एरवी माल पुरेसा झाला की खालून निरोप जातो, पुरे. मग कारकून गप्प बसतो. शरीर शहाणं म्हणायचं ते एवढ्यापुरतंच."

बाईंना हे लगेच समजलं होतं. काकांना तळव्यांची चामडी कापायला सांगायची आणि ढीग पुरेसा झाला की थांबवायचं, हेच त्या वीस वर्षं करत होत्या. काकांना थांबा म्हटलेलं न ऐकू येण्याचे प्रसंगही त्यांनी पाहिले होते.

अकरा वाजता व्याही आले.

बाईंच्या एकुलत्या एका लेकीचे हे सासरे. मोटार शिकवायची शाळा चालवत. वय बावन्न, आवाज खर्जातला, आणि गेल्या काही वर्षांत आणखी खाली उतरलेला. लेकीच्या लग्नाला सहा वर्षं झाली. दर वर्षी ते विहिणीकडून बुटांचा एक जोड करून घेत आणि चार माणसांत पाय पुढे करून सांगत, "लग्नात आठ नंबर होता, आजही आठच. पोट सुटलं नाही, पाय सुटला नाही." यातली पोटाची बाजूही तपासून घेण्याजोगी होती, पण ती बाईंच्या खात्यातली नव्हती.

"विहीणबाई," ते खुर्चीत बसत म्हणाले, "तुमची पट्टी आटली का?"

"काय झालं, व्याहीबुवा?"

"नऊ महिन्यांत बूट चावायला लागले. तेच माप, तोच माणूस, तीच दुकानदारीण. मग चुकलं कोणाचं? मी घरात काही बोललो नाही. तुमची लेक आमच्याकडे नांदते आहे, उगाच कशाला."

"उगाच कशाला" हे शब्द त्यांनी जरा सावकाश उच्चारले. बाईंनी ते ऐकले आणि गुडघ्यावर बसून बूट उतरवला. हीच ती भीती, जिच्यापायी त्या सहा वर्षं आठचा ठसा ठोकत आल्या होत्या. लेक त्या घरात सुखी होती आणि त्या घराचा धनी आठ नंबरच्या गोष्टीवर सुखी होता. तिथे साडेदहा म्हणायला बाई काही वेड्या नव्हत्या.

पण आज पाय हातात घेतल्यावर त्या थबकल्या. पन्नाशीत पाय सपाट होतो, म्हणून जरा लांबतो. हा सपाट झाला नव्हता. कमान शाबूत होती. बोटंच जाड झाली होती, टाचेखालची गादी उशीसारखी फुगली होती, कातडी रेड्याच्या चामड्यासारखी निबर. बाईंनी नऊ महिन्यांपूर्वीचं माप आठवलं आणि पट्टी मिटली. चार मिलिमीटर, सकाळच्या अंदाजाएवढेच.

"किती?" व्याह्यांनी विचारलं.

"आठ," बाई म्हणाल्या.

व्याही समाधानाने हसले. समोरच्या दोन दातांत फट पडली होती. लेकीच्या लग्नाच्या फोटोत ती नव्हती. बाईंना तो फोटो आत्ताच का आठवावा, त्यांनाही कळलं नाही. उठताना व्याह्यांचा खांदा बाजूच्या स्टँडला लागला आणि पॉलिशच्या सोळा डब्या खाली आल्या.

"हे इथे कधी ठेवलंत?"

"बावीस वर्षांपूर्वी," काका बाकावरून म्हणाले. हे मात्र त्यांना ऐकू आलं होतं.

डब्या उचलून देताना व्याह्यांच्या उजव्या हाताच्या बोटात अंगठी दिसली नाही. बाईंनी सहज विचारलं. कापून काढावी लागली म्हणाले, सोनाराने हलकं सोनं घातलं असणार, आटलं.

ते गेल्यावर बाई काकांना म्हणाल्या, "पट्टी आटते, सोनं आटतं, माणूस तेवढा वाढत नाही."

"अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात," काका म्हणाले. "पण पसरलेत तर खरे. बाई, बावन्नव्या वर्षी बोटं जाड व्हायला माणूस काय पोरगा आहे वयात आलेला?"

बाईंनी फर्मा खाली घेतला, चामडं कापायच्या रापीचं टोक घातलं आणि पाचही तुकडे एकेक करून उचकटले. पोटावरच्या तारखा ओळीने मांडल्या. चार, चार, पाच, चार, आज सकाळचा चार. एकवीस मिलिमीटर. पहिल्या दोन तुकड्यांत दीड वर्षाचं अंतर होतं, शेवटच्या दोघांत नऊ महिन्यांचं. भट्टी पेटायची वेळ झाली नव्हती, तरी बाईंना घाम आला.

त्याच दुपारी डॉक्टरांचे सँडल पोहोचवायचे होते. एरवी गिऱ्हाईक येऊन घेऊन जातं. बाई स्वतः गेल्या आणि सँडलच्या पिशवीत तळाशी फर्मा आणि तुकडे घालून गेल्या.

"एका गिऱ्हाइकाचा पाय आहे," त्यांनी टेबलावर सगळं मांडून सांगितलं. "सहज विचारते."

डॉक्टरांनी तारखा वाचल्या, मग परत वाचल्या. "अंगठी?"

"कापली."

"दातांत फट? घोरतात? घाम येतो? आवाज उतरलाय?"

"तुम्ही त्यांना ओळखता?"

"त्यांना नाही, त्यांच्या ग्रंथीला ओळखते. तोच मटार. त्यावर गाठ येते. बहुतेक वेळा साधी असते, कॅन्सरची नव्हे, पण वाढीचं हार्मोन सोडत बसते. पोरवयात झालं तर माणूस ताडमाड होतो. मोठेपणी लांब हाडांची टोकं मिटलेली असतात, म्हणून उंची वाढत नाही. हात, पाय, जबडा, जीभ, काळीज, जिथे जागा मिळेल तिथे वाढ होते. इतकी हळू, की घरच्यांना दिसत नाही. माझ्याकडे लोक दहा दहा वर्षांनी येतात आणि विचारलं कधीपासून, तर म्हणतात, आठवत नाही. इतकं स्वच्छ टिपण मी आजवर पाहिलं नाही." त्यांनी एक तुकडा उजेडात धरला. "एवढं लिहून ठेवलंत, मग त्यांना सांगितलं का नाही?"

बाईंनी टेबलावरच्या उरलेल्या तुकड्यांची ओळ सरळ केली.

"बाजूच्या वस्तूंना धडकतात?"

"आजच सोळा डब्या पाडल्या."

डॉक्टरांनी तुकडा खाली ठेवला. "डोळ्यांच्या दोन्ही नसा त्या ग्रंथीच्या वरच एकमेकींना ओलांडतात. गाठ वर दाबू लागली की समोरचं दिसतं, दोन्ही कडांचं जातं. लवकर काढली तर बऱ्याचदा परत येतं. उशीर झाला तर नाही. याच आठवड्यात आणा त्यांना. तोवर गाडी चालवू देऊ नका. करतात काय ते?"

"गाडी चालवायला शिकवतात," बाई म्हणाल्या.

तळपायाची आग मस्तकात जाते हे बाईंनी ऐकलं होतं. मस्तकातली पायात उतरते, हे आज कळलं. रस्त्यातून त्यांनी लेकीला फोन केला.

"आई, त्यांना नंबर आठ नाही असं तोंडावर सांगणार? या घरात त्या आठवर शपथा घेतात."

"त्यांनी या महिन्यात गाडी कुठे घासली?"

"फाटकाला. आणि आरसा दोनदा. शिकाऊ लोकांनी घासली म्हणाले."

"मग मी सांगणार."

मोटार शाळेच्या आवारात रबरी शंकू ओळीने मांडले होते. शिकायला आलेल्या एक निवृत्त मुख्याध्यापिका बाजूला उभ्या होत्या आणि व्याही स्वतः चाकामागे बसून त्यांना गाडी मागे कशी घ्यायची ते दाखवत होते. गाडी सफाईने मागे आली आणि कडेचा शंकू चाकाखाली घेऊन थांबली.

"बघितलंत?" व्याही खिडकीतून म्हणाले. "शंकू असा मध्ये ठेवायचा नसतो."

"तो मघापासून तिथेच आहे," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

बाईंनी फर्मा गाडीच्या बॉनेटवर ठेवला. शेजारी पाच तुकडे ओळीने लावले. व्याही उतरून आले.

"हे काय?"

"तुमचा पाय."

"माझा पाय आठ आहे."

"आठ मी लिहीत होते. पाय साडेदहा आहे. पहिल्या वर्षीच साडेआठ होता. काल-परवाचं नाही हे, सहा वर्षांचं आहे. मी तुम्हाला दर वेळी खोटं सांगितलं."

व्याह्यांनी एक तुकडा उचलला, तारीख वाचली. ती नातवाच्या बारशाच्या आठवड्यातली होती. "म्हणजे मी चार लोकांत पाय पुढे करत होतो, आणि तुम्ही बघत होतात."

"हो."

"मग आजच का सांगताय?"

बाईंनी सांगितलं. मटार, गाठ, डोळे. डॉक्टरांचा एकही शब्द गाळला नाही. त्या बोलत असताना फी घेण्याच्या खिडकीतून व्याह्यांच्या बायको, म्हणजे लेकीच्या सासूबाई, बाहेर आल्या.

"कॉलरची बटणं मी दोनदा सरकवलीत," त्या नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या. "टोपीही बदलली. लेबल जुन्या टोपीचं काढून नवीला लावलं."

"म्हणजे सगळं घर मिळून मला फसवत होतं."

"फसवत नव्हतो हो. बसवत होतो."

व्याह्यांचा चेहरा तांबडा झाला. पाय सुजला असेल म्हणाले. बाईंनी तिथेच बाकावर पाय घेतला, नडगीवर अंगठा दाबून दाखवला. सूज असती तर खड्डा पडला असता, पडला नाही. मग त्यांनी पट्टी लावली आणि आयुष्यात पहिल्यांदा खरा आकडा मोठ्याने वाचला. साडेदहा. आवारात तो जरुरीपेक्षा जास्त मोठ्याने ऐकू गेला.

"विहीणबाई, पाय गेला खड्ड्यात. डोळे माझे ठणठणीत आहेत. पंचवीस वर्षं गाडी शिकवतो आहे."

मुख्याध्यापिकांनी पर्स सासूबाईंकडे दिली आणि व्याह्यांच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या. "मास्तर, माझ्या नाकाकडे बघा. मान हलवायची नाही. मी कुठला हात हलवते आहे?"

"कुठलाच नाही."

त्या दोन्ही हलवत होत्या. बाजूला पसरून, चांगले जोरजोरात, वर्गातल्या मागच्या बाकाला दिसतील असे. हात हळूहळू आत आणत त्यांनी खांद्यांच्या बरोबर आणले, तेव्हा व्याही म्हणाले, "आता दिसले."

व्याह्यांनी चाकाखालच्या शंकूकडे पूर्ण मान वळवून पाहिलं, खिशातून किल्ली काढली आणि बायकोच्या हातात दिली. आदल्या आठवड्यात एक सायकलवाला कडेने अचानक उगवला होता, असं ते नंतर डॉक्टरांना म्हणाले. अचानक नव्हता, पण निदान त्याने घंटी वाजवली होती.

तपासणीच्या दिवशी व्याह्यांना पेलाभर ग्लुकोजचं पाणी प्यायला दिलं आणि दर अर्ध्या तासाने रक्त घेतलं. साखर पोटात गेली की वाढीचं हार्मोन गप्प बसतं, निरोगी माणसात. यांचं बसलं नाही. "साखरेनेही तोंड बंद होत नाही म्हणजे घरातलंच कोणीतरी आहे," व्याही म्हणाले आणि लेकीने हा शेरा आईला जसाच्या तसा पोहोचवला. डोक्याच्या छायाचित्रात गाठ दिसली, अठरा मिलिमीटर. मूळ ग्रंथीच्या दुपटीहून मोठी. नाकातून नळी घालून ती काढली. कवटी उघडावी लागली नाही, याचं सासूबाईंना विशेष वाटलं. नवऱ्याचं नाक पहिल्यांदाच कोणाच्या कामात येत होतं.

या सगळ्यात व्याही बाईंशी बोलत नव्हते. तीन आठवडे. दवाखान्यात बाई गेल्या की त्यांना झोप लागायची. लेक फोनवर म्हणाली, "तुझं नाव निघत नाही. बूट हा शब्दसुद्धा निघत नाही. काल ते 'पायात घालायचं ते आण' म्हणाले."

"तुला काही म्हणतात?"

"मला कशाला म्हणतील? मला म्हणाले, तुझ्या आईचं अक्षर चांगलं आहे."

तुकडे डॉक्टरांच्या फाइलमध्ये होते. फाइल व्याह्यांनी मागून घेऊन वाचली होती, हे बाईंना असं कळलं.

दीड महिन्याने डोळ्यांची तपासणी झाली. एका बाजूची कड जवळजवळ पूर्ण परत आली होती, दुसरीची बरीचशी. गाडीला परवानगी अजून नव्हती. रक्तातला आकडा उतरला होता. बोटं जरा सडसडीत झाली, घोरणं कमी झालं, घाम थांबला. हाडं मात्र वाढली ती वाढली. मांस आणि पाणी आटतं, हाड आटत नाही, डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. मग लेकीकरवी निरोप आला: नवे बूट हवेत, आत आठचा ठसा मारावा, सवयीचा आहे.

बाईंनी उलट निरोप धाडला: ठसा मापाचाच पडेल. पटत नसेल तर बाजारात तयार बूट मिळतात, तिथे खोकं बघून नंबर ठरतो.

दोन दिवस उत्तर नव्हतं. तिसऱ्या दिवशी व्याही बसने आले आणि पॉलिशच्या स्टँडला वळसा घालून खुर्चीत बसले. बाईंनी माप घेतलं. दहा आणि वर एक रेघ, म्हणजे पाव नंबर. एका रेघेने आटला होता.

"लिहा," व्याही काकांना म्हणाले.

"आँ?"

"दहा," व्याह्यांनी त्यांच्या चांगल्या कानापाशी जाऊन सांगितलं. "दहा आणि एक रेघ." मग बाईंना म्हणाले, "विहीणबाई, बाकीच्या भिंतीचं काय? त्यातल्या किती जणांना आठ सांगून ठेवलंय?"

बाईंनी भिंतीकडे पाहिलं. एकोणीस वजा जाता एकशे त्र्याण्णव उरत होते. तेव्हापासून रोज दोघांना बोलावून उभ्यानेच दोन्ही पायांचं माप घेतलं जातं आणि ते गिऱ्हाइकाच्या तोंडावर वाचलं जातं. आतापर्यंत सहा जणांनी दुकान सोडलं. एक जण थायरॉइडची सूज निघून उपचाराला लागला. चौतीस नंबरच्या फर्म्याच्या मालकिणीने बाईंना आगाऊ म्हटलं. खिडकीचा तंटा मिटलेला नाही. सध्या ती अर्धी उघडी असते.

उद्या मंगळवार. दुकान नऊला उघडेल. साडेनऊला व्याह्यांचं दर महिन्याचं माप आहे, ते डॉक्टरांच्या फाइलमध्ये जातं. त्यानंतर फर्मा क्रमांक सत्तेचाळीस आणि अठ्ठेचाळीस.